न्हाणी

त्या यंत्राला कंपनीने ठेवलेलं नाव इतकं लांबलचक होतं, की ते उच्चारेपर्यंत अर्धा स्कोप धुऊन झाला असता. म्हणून गवसाने सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं उरकलं आणि त्याला न्हाणी म्हणायला सुरुवात केली. गवसाने सिस्टर म्हणजे आमच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या इन्चार्ज. सोलापुरातल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात त्या माझ्या कितीतरी आधीपासून होत्या. मी भारती हिंगमिरे, तिथली उपकरणं सांभाळणारी इंजिनीयर. कागदोपत्री मी त्यांची साहेब होते. प्रत्यक्षात त्या सांगायच्या आणि मी ऐकायचे, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

स्कोप म्हणजे तोंडावाटे पोटात सोडायची, टोकाला कॅमेरा असलेली लवचीक नळी. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा ती नलिका आवळली गेली, तर याच नळीच्या पोकळीतून बारीक हत्यारं आत घालून वाट मोकळी करतात. काम झालं की स्कोप धुवायचा आणि पुढच्या माणसाच्या घशात घालायचा. यातलं ‘धुवायचा’ हे क्रियापद दिसतं तितकं गरीब नाही. माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं त्या एका क्रियापदाशी झटापट करण्यात गेली.

जंतू सुटे असले तर मरतात. पण जरा ओल राहिली की ते एकमेकांना धरून बसतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या तळाला हात लावला की बोटांना लागतो तसा. औषध ओतलं तर वरचे मरतात आणि खालचे सुखाने नांदतात. तो थर मुळापासून काढायचा तर कडक आम्ल पाहिजे, नाहीतर वाफेची उष्णता. धातूची कात्री दोन्ही सोसते. स्कोप सोसत नाही. त्यातून आमच्याकडे आलेले नवे स्कोप म्हणजे नाजूकपणाची कमाल होती. त्यांना माणसाच्या कातडीसारखं मऊ आवरण होतं आणि त्यात केसाहून बारीक संवेदक विणलेले होते. आतड्याच्या भिंतीवर किती दाब पडतोय, हे डॉक्टरांच्या बोटांना बाहेर कळायचं. स्कोप घालताना आतडं फाटण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. पण तेच आवरण कडक आम्लात बुडवलं की फुगायचं आणि सोलून निघायचं. नीट धुवावा तर स्कोप जातो आणि स्कोप जपावा तर माणूस जातो, असा सगळा मामला होता.

न्हाणीने तो सोडवला, असं आम्हाला वाटलं. प्रत्येक जिवंत पेशीत एक द्रव्य असतं, ब जीवनसत्त्वाच्या कुळातलं, ताकाच्या निवळीला हिरवट झाक देणारं. निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं. जंतू कुठल्याही कोपऱ्यात दडले तरी ही चमक त्यांना लपवता येत नाही. न्हाणी स्कोपच्या पोकळीतून निळा प्रकाश फिरवायची. हिरवं दिसेल तिथे थर कुरतडणारी सौम्य विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडायची आणि पुन्हा बघायची. चमक संपली की धुणं थांबवून दारावरचा हिरवा दिवा लावायची. जेवढा मळ तेवढंच धुणं, एक थेंब जास्त नाही. स्कोप वर्षानुवर्षं नव्यासारखे राहू लागले.

आता चमक संपली म्हणजे नेमकं काय, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी दाराच्या आत, बरोबर समोर, एक पांढरी गोल चकती होती. रोज सकाळी न्हाणी आधी तिच्याकडे बघायची आणि मनाशी धरायची, की स्वच्छ म्हणजे इतकं. चकत्या जुन्या होतात, दिवे मंदावतात, म्हणून राज्यातल्या सगळ्या न्हाण्या आपापलं बघणं कंपनीच्या मुख्य संगणकाला कळवायच्या. तो सगळ्यांचं मिळून स्वच्छतेचं एक सामाईक माप ठरवायचा आणि सगळ्यांना परत पाठवायचा. एखादी चकती वेगळं काही सांगू लागली, की ती झिजली असं समजून तिच्याकडे दुर्लक्ष व्हायचं आणि बहुमताचं ऐकलं जायचं.

न्हाणी आली आणि बाकीचं गेलं. जुने, काळे, राकट स्कोप भंगारात गेले. धुतलेल्या स्कोपमधून बोळा फिरवून त्यावर जंतू वाढतात का हे पाहणारी आमची छोटी प्रयोगशाळा अनावश्यक ठरली आणि तिथे कँटीनच्या तेलाचे डबे ठेवायला लागले. त्या निर्णयाला कुणी हरकत घेतली नाही. दारावर हिरवा दिवा लागत असताना बोळे फिरवत बसणारा माणूस खुळाच दिसतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. शस्त्रक्रियागृहातल्या कात्र्या, वाफेचा ऑटोक्लेव्ह, क्ष-किरण यंत्र, ॲम्ब्युलन्स, अगदी लिफ्टसुद्धा. परराज्यातून आलेला एखादा डॉक्टर आधी हसतो आणि मग पेढे खातो. ऑटोक्लेव्हच्या पत्र्याला हळद लावा नाहीतर शेंदूर फासा, त्याला काही फरक पडत नाही. न्हाणीची पूजा करताना मात्र सिस्टरांनी पुष्कळ काळजी घेतली होती. आत फूल वाहायचं नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, उदबत्ती लांब ओवाळायची. फक्त दार उघडून त्यांनी समोरच्या पांढऱ्या चकतीवर हळदीकुंकवाचं एकेक बोट टेकवलं. सगळं यंत्र करड्या रंगाचं आणि कपाळ म्हणावं अशी तेवढी एकच जागा, त्यामुळे कुणाचंही बोट तिथेच गेलं असतं. दुपारी त्यांनी स्वतःच ती चकती ओल्या फडक्याने पुसली. मी पाहिली तेव्हा ती पांढरीशुभ्र दिसत होती.

ताप मार्गशीर्षात सुरू झाले. स्कोप करून घरी गेलेली माणसं थंडी वाजून परत येऊ लागली. पोटाचे डॉक्टर येमूल हे कमी बोलणारे गृहस्थ, ते आणखी कमी बोलू लागले. एकामागून एक औषधं बदलून झाली, पण जंतू कशालाच बधत नव्हता. त्यांनी सलाइनवर संशय घेतला, पाण्यावर घेतला, हात न धुणाऱ्या नर्सेसवर घेतला. स्कोपवर कुणी घेतला नाही. आसपासच्या जिल्ह्यांतूनही तेच ऐकू येत होतं आणि सगळीकडे एकाच वेळी होतंय म्हटल्यावर सगळ्यांना ते हवेतलं काहीतरी वाटत होतं.

मला मात्र धास्ती बसली, कारण संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास शिवानंदची तारीख होती. शिवानंद माझा नवरा. शाळेत पीटीचे सर. दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत त्याच्या पित्तनलिकेला इजा झाली आणि ती आवळत गेली. पोट उघडून नवी वाट काढायचा प्रयत्न दोनदा फसला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी स्कोप घालून नलिकेतली प्लॅस्टिकची बारीक नळी बदलायची, एवढ्यावर त्याचं सगळं चालायचं. नळी बदलली की हा मैदानावर पोरांच्या पुढे धावायचा. मागची नळी दसऱ्याच्या आधी बदलली होती. आता ती तुंबायला लागली होती आणि त्याचे डोळे पिवळसर दिसत होते.

“यंदा उशीर नको करू बाई,” तो सकाळी दाढी करताना आरशातूनच म्हणाला. “क्रीडामहोत्सव आहे. पिवळ्या माणसाच्या शिट्टीला पोरं घाबरत नाहीत.”

ताप येणाऱ्या सगळ्या ठिकाणी सारखी अशी एकच गोष्ट मला सुचत होती, ती म्हणजे न्हाणी, म्हणून त्याच दिवशी मी गवसाने सिस्टरांच्या डब्यातलं दही मागितलं. शेतकऱ्याच्या घरचं, आंबट, जंतूंनी भरलेलं दही. एका प्लॅस्टिकच्या नळीच्या आत ते चोळलं आणि नळी न्हाणीत ठेवली.

“मॅडम, हे काय करताव?” सिस्टर म्हणाल्या.

“बघायचंय, हिला दही दिसतंय का.”

न्हाणीने नळीतून निळा प्रकाश फिरवला, जरा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि हिरवा दिवा लावला. नळीला दह्याचा वास तसाच येत होता. सिस्टर खुर्चीवर बसल्या. मी चकती काढली आणि खाली औषधांच्या दुकानात खोट्या नोटा ओळखायला ठेवलेला जांभळा दिवा आणून तिच्यावर धरला. चकतीच्या कडेला, खोबणीत, जिथे फडकं पोचत नाही आणि न्हाणीचा प्रकाशही पोचत नाही तिथे, पिवळसर हिरवी रेघ लखलखत होती.

हळद निळ्या आणि जांभळ्या प्रकाशात चमकते, आणि दुर्दैव असं, की जंतूंच्या रंगाच्या अगदी जवळ चमकते. पाण्याने ती जात नाही, नुसती डोळ्यांना दिसेनाशी होते. खंडेनवमीनंतरच्या सकाळी न्हाणीने चकतीकडे पाहिलं, तिला हिरवं दिसलं आणि तिने मनाशी धरलं, की स्वच्छ वस्तू अशीच हिरवी चमकते. त्यानंतर तेवढी चमक ती प्रत्येक स्कोपमधून वजा करत राहिली.

“माझ्याच हातानं लावलं हो मी,” सिस्टर म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. नुसत्या स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत बसल्या.

मी त्यांना समजावलं, की हळद रोजरोजचा निळा प्रकाश सोसत नाही, काही आठवड्यांत ती विटते, मग न्हाणी आपोआप शुद्धीवर यायला हवी होती. नुसत्या आपल्या एका चकतीमुळे हे झालेलं नाही. हे बोलताबोलता माझ्याच लक्षात आलं आणि मी फोन उचलला. लातूरच्या इंजिनीयरला विचारलं, नांदेडच्या, कोल्हापूरच्या, नाशिकच्या. सगळे आधी हसले.

“होय की, केली ना पूजा,” कोल्हापूरचा म्हणाला. “आत ते पांढरं असतंय बघा, त्यावर लावलं. का ओ?”

मग मी का ते सांगितलं आणि तिकडचं हसणं थांबलं. एकाच सकाळी शेकडो चकत्या हिरव्या झाल्या होत्या. मुख्य संगणकाला वाटलं, एवढ्या सगळ्या सांगतायत तर दिवेच जुने झाले असणार, आणि त्याने सामाईक माप बदललं. पुढे हळद विटली आणि चकत्या खरं सांगू लागल्या, तेव्हा त्यांना झिजलेल्या ठरवून त्याने त्यांचं ऐकणं बंद केलं. आमच्याच रस्त्यावर एक रुग्णालय आहे, तिथे पूजा होत नाही. तिथल्या न्हाणीलाही दही दिसत नव्हतं.

हे वर कळवलं की राज्यभर स्कोप बंद होणार, हे उघड होतं. शिवानंदची तारीख पुढच्या आठवड्यात होती. मी त्याच दुपारी आरोग्य खात्याला आणि कंपनीला कळवलं. यात काही शौर्य नव्हतं. तसला स्कोप मी त्याच्या पोटात घालू देणारच नव्हते, मग दुसऱ्याच्या पोटात कुठल्या तोंडाने घालू देणार? परदेशातल्या त्या कंपनीने विचारलं, हळद म्हणजे काय. मी रासायनिक नाव लिहिलं. मग त्यांनी विचारलं, हा अपघात सर्व ठिकाणी एकाच दिवशी कसा झाला. मी लिहिलं, त्या दिवशी सण होता.

माप दुरुस्त करायला त्यांना तासभरसुद्धा लागला नाही. आमचे पाच स्कोप पुन्हा न्हाणीत ठेवले तेव्हा पाचही आतून दिवाळीसारखे चमकत होते. पण आता थर जुना आणि जाड झाला होता. सौम्य विकरं वरचा पापुद्रा खायची आणि खालचा तसाच राहायचा. सरकारचा आदेश आला, की सगळे स्कोप कडक आम्लात बुडवावेत, नाहीतर मोडीत काढावेत. त्या दोन्हींत फारसा फरक नाही, हे आदेश काढणाऱ्यालाही माहीत असावं.

सिस्टरांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जाड हातमोजे घालून त्यांनी एकेक स्कोप स्वतः बुडवला. पहिल्याचं आवरण गाजराच्या सालीसारखं निघालं. दुसऱ्याचा कॅमेरा आंधळा झाला. तिसरा आणि चौथा मधोमध फुगून फाटले. सिस्टर प्रत्येक वेळी तो बाजूला ठेवायच्या आणि पुढचा घ्यायच्या. पाचवा मानेपाशी सुजला, पण फाटला नाही. आम्ही तो निर्जंतुक पाण्यात खळबळला, कोरड्या हवेने वाळवला, न्हाणीत ठेवला. आत कुठेही हिरवं नव्हतं.

“एकदा जाईल आत,” सुजलेल्या जागेवरून बोट फिरवत सिस्टर म्हणाल्या. “दुसऱ्यांदा नाही.”

शेजारच्या राज्यांनीही धास्तीने आपापले स्कोप बंद ठेवले होते, आणि नवीन स्कोप सगळं राज्यच मागत होतं. ते परदेशातून यायचे आणि वर्षभर तरी मिळणार नव्हते. स्कोप जिवंत आहे, हे आम्हा दोघींना आणि डॉक्टर येमूलांना ठाऊक होतं. येमूल म्हणाले, “उद्या सकाळी शिवानंदला उपाशी ठेवून आणा.”

मी घरी गेले आणि शिवानंदला सांगितलं, की उद्या नळी बदलणार. त्याने लगेच शाळेत फोन करून रजा सांगितली आणि क्रीडामहोत्सवाला येतो म्हणूनही सांगितलं. मला इतकं हलकं वाटत होतं, की मी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. आता लिहितानाही त्या संध्याकाळचा मला हेवा वाटतो.

सकाळी आम्ही पोचलो, तेव्हा अक्कलकोटकडून अंबिका नावाची मुलगी दाखल झाली होती. नुकतीच बाळंत झालेली. दिवाळीत दुसऱ्या गावच्या रुग्णालयात स्कोप घालून तिच्या नलिकेतला खडा काढला होता, आणि आता नलिका पुन्हा बंद होऊन तिला हुडहुडी भरली होती. शिवानंदला खाटेवर झोपवून मी बाहेर आले, तर तिची आई व्हरांड्यात उभी होती. कडेवर नातू होता.

“मशिनीच्या बाई तुमीच का?” तिने विचारलं. “डाक्टर म्हनले नळी न्हाई आता. एकांदी असंल की बाई कुटंतरी. सोदून बगा की.”

“बघते,” मी म्हटलं.

“लेकरू अंगावर पितंय अजून,” ती म्हणाली आणि त्याचं टोपरं सारखं करत राहिली.

येमूलांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते उभेच होते.

“शिवानंदला बरगड्यांमधून सुई घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढता येईल,” ते म्हणाले. “पिशवीवर माणूस काही आठवडे काढतो. पुढे त्याच वाटेने जंतू आत शिरतो आणि ताप येतो. या दिवसांत रुग्णालयात जो जंतू फिरतोय, त्याला औषध नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“आणि त्या मुलीला सुई?”

“तिचं रक्त गोठत नाहीये. सुई घातली तर टेबलावरच जाईल. स्कोप मिळाला तर वाट मोकळी होईल. ताप नुसता तुंबल्यामुळे असेल तर ती वाचेल. दिवाळीच्या स्कोपने तिला जंतू दिला असेल तर मग काही उपयोग नाही.”

“कुठला ताप आहे ते?”

“आपली प्रयोगशाळा असती तर सांगितलं असतं. रक्त पुण्याला पाठवलंय. उत्तर यायला वेळ लागेल आणि तिला वेळ नाही.” ते टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत होते. “डॉक्टर म्हणून विचाराल तर तिला आज लागतो. पण शिवानंद माझ्या घरी जेवून गेलेला माणूस आहे. स्कोप चालेल की नाही हे प्रमाणित करणाऱ्या तुम्ही. तो फाटला म्हणालात, तर मी तो मागणार नाही. शिवानंदच्या वेळी चालला म्हणालात, तर का चालला हे विचारणार नाही.”

शिवानंदची खाट भिंतीपलीकडे होती. उठून विचारायचं म्हटलं असतं तर दहा-बारा पावलं. मी उठले नाही. समोरच्या दारातून ती आई दिसत होती. बाळ रडायला लागलं म्हणून ती त्याला घेऊन फेऱ्या मारत होती, आणि दर फेरीला माझ्याकडे बघत होती.

“स्कोप चांगला आहे,” मी म्हटलं. “तिला घ्या.”

अंबिकाची नलिका मोकळी झाली. गढूळ पित्त भळाभळा बाहेर आलं, असं येमूल म्हणाले. स्कोप बाहेर काढताना त्याच्या मानेचं आवरण सुटून लोंबत होतं. सिस्टरांनी तो फडक्यात गुंडाळला आणि मोडीच्या पेटीत ठेवला. दुपारी शिवानंदच्या बरगड्यांमधून नळी घालून पिशवी जोडली. त्याला मी सांगितलं, की स्कोप ऐनवेळी फाटला.

“बघ, आमचं नशीबच चेंगट,” तो म्हणाला आणि पिशवी शर्टाच्या आत लपते का ते बघायला लागला.

आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी गवसाने सिस्टर भेटायला आल्या. त्यांनी सोबत डाळिंबं आणली होती आणि ती सोलता सोलता शिवानंदसमोर त्यांचा बांध फुटला. माझ्या हळदीपायी झालं सगळं, मॅडमनी तुमचा स्कोप दुसरीला दिला तो माझ्यामुळं, असं त्या बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन त्याच्यासमोर बसले.

“फाटला नव्हता?” शिवानंदने विचारलं.

“नाही.”

“मी तिथंच होतो. भिंतीपलीकडं. मला विचारलं का नाहीस?”

खोटं बोलायला माझ्याकडे पुष्कळ चांगली उत्तरं होती. तुला त्रास नको म्हणून, वेळ नव्हता म्हणून. पण मला त्याच्याशी आणखी खोटं बोलवेना.

“विचारलं असतं आणि तू ‘मला पाहिजे’ म्हणाला असतास, तर मी तुला दिला असता,” मी म्हटलं. “म्हणून नाही विचारलं.”

त्याने पिशवी जराशी वर उचलून आतलं पिवळं पाणी बघितलं.

“म्हणालोच असतो,” तो म्हणाला.

“माहीत होतं मला.”

आता तो रागावेल, नाहीतर रडेल, नाहीतर निदान बरं केलंस म्हणेल, असं मला वाटलं. त्याने यातलं काही केलं नाही. तो उठला, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. त्यानंतर तो माझ्या हातची औषधं घ्यायचा, पिशवी बदलू द्यायचा, जेवायचा. बोलायचा नाही. पिशवी बदलताना माझा हात त्याच्या अंगाला लागला तर तो जरासा आक्रसायचा. मी त्याला दोष देत नव्हते. त्याला मरायला लावणारी मी नव्हते हे खरं, पण त्याला न विचारता त्याचं जगणं देऊन टाकणारी मीच होते, आणि तशी वेळ पुन्हा आली असती तर मला तसंच करावं लागलं असतं.

अंबिकाचा ताप उतरला नाही. पुण्याहून उत्तर आलं. तिच्या रक्तात तोच जंतू होता, दिवाळीपासूनच असणार. स्कोपने तिची वाट मोकळी केली होती, पण त्या वाटेवर आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. राज्यात कदाचित असे मोजकेच स्वच्छ स्कोप असतील, आणि त्यातला आमचा आम्ही तिथे घातला होता. ती गुरुवारी गेली. तिची आई माझ्याकडे आली आणि माझे हात हातात घेऊन म्हणाली, “तुमी लई केलं बाई.” मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी तिच्या नातवाला जरा वेळ घेतलं आणि मग गाडी आली म्हणून ती निघाली.

क्रीडामहोत्सव झाला. शाळेतल्या मुलांनी शिवानंदसाठी एक चषक घरी पाठवला. तो त्याने टीव्हीवर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसला. स्कोपची मागणी कुठवर आली हे मी रोज विचारायचे आणि रोज तेच उत्तर मिळायचं. येमूलांनी दोनदा पिशवीची नळी बदलली. गवसाने सिस्टरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, न्हाणीला हातसुद्धा लावत नाही, कारण आत ठेवायला काही नाही.

परवा दुपारी मी पिशवी बदलत होते. खिडकीतून शाळेच्या मैदानावरचा गलका ऐकू येत होता. शिवानंद कितीतरी दिवसांनी आपणहून बोलला.

“ती पोरगी कशी आहे?”

त्याला खरं सांगायचा मला अधिकार होता का, आणि न सांगायचा तरी होता का, मला ठरवता येईना. मागच्या वेळी त्याला न विचारता ठरवलं होतं. याही वेळी विचारता येण्यासारखं नव्हतं.

“बरी आहे,” मी म्हटलं. “घरी गेली.”

“आणि बाळ?”

“बाळ मजेत आहे.”

त्याने मान हलवली. डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. “चला,” तो म्हणाला. “माझा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.”

मग त्याने चाचपडत माझा हात शोधला आणि धरला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी तो गच्च धरून ठेवला. त्याचा तळवा तव्यासारखा तापला होता.